न विकलेली तिकिटे

आपल्या सांस्कृतिक व्यवहारात जी विधाने पुराव्याविना खपून जातात, त्यांत 'लोकच येत नाहीत' या विधानाचा क्रमांक बराच वरचा लागेल. काव्यवाचन असो, प्रायोगिक नाटक असो, अथवा एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागातील व्याख्यान असो. आयोजक रिकाम्या खुर्च्यांकडे हात करतो आणि चर्चा तिथेच संपते. या विधानामागे एक गृहीतक आहे. लोकांची आवड आधीपासूनच कुठेतरी सिद्ध असते, आणि तिकीटखिडकी ही ती आवड मोजणारी निर्लेप तागडी असते, असे ते गृहीतक. मला ते नेहमीच संशयास्पद वाटत आले आहे. परंतु त्या संशयाला नेमके रूप मिळाले ते अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या इतिहासातून. मराठी शिकवणाऱ्या बाईचा या खेळाशी संबंध काय, असा प्रश्न वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. संबंध आहे तो खेळाशी कमी आणि त्या खेळाच्या गॅलरीशी जास्त, एवढेच तूर्त म्हणते.

अमेरिकेत मार्च महिना या खेळाचा. देशभरातील विद्यापीठांचे निवडक संघ बाद पद्धतीने खेळतात. एक सामना गमावला की घरी. 'एनसीएए' ही महाविद्यालयीन क्रीडासंस्था ही स्पर्धा भरवते, पण सामने होतात ते निरनिराळ्या गावी, बहुधा एखाद्या विद्यापीठाच्या यजमानपदाखाली. सभागृह सज्ज करायचे, स्वयंसेवक उभे करायचे आणि तिकिटे खपवायची, हे यजमानाचे काम. आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांत ही तिकिटांची भानगड नसते. गॅलरी सर्वांना मोकळी असते, आणि म्हणूनच ती ओस पडली तरी कुणाच्या ताळेबंदात ते उमटत नाही. तिथे ते उमटते. प्रेक्षकाच्या अनुपस्थितीचा लेखी इतिहास तिथे सापडतो, तो त्यामुळेच.

या स्पर्धेभोवतीचे आजचे अर्थकारण डोळे दिपवणारे आहे. पुरुषांच्या स्पर्धेच्या प्रक्षेपणहक्कांचा २०१० साली झालेला करार १४ वर्षांचा आणि १०.८ अब्ज डॉलरचा होता. जन्म मात्र तिचा तोट्यात झाला. २७ मार्च १९३९ रोजी शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टन गावी, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या पॅटन व्यायामशाळेत पहिला अंतिम सामना झाला. ऑरेगनने ओहायो स्टेटला ४६-३३ असे हरवले. प्रेक्षक साडेपाच हजारांच्या आसपास होते. स्पर्धा भरवली होती प्रशिक्षकांच्या संघटनेने, आणि तिचे मुख्य सूत्रधार हॅरल्ड ओल्सन हे पराभूत ओहायो स्टेटचेच प्रशिक्षक. सामन्याच्या ओघात ऑरेगनचा कर्णधार बॉबी अ‍ॅनेट चेंडूमागे झेपावला तो थेट करंडकाच्या टेबलावर जाऊन आदळला आणि करंडकावरची मूर्ती मोडली. मोडका करंडक आणि २,५३१ डॉलरची तूट, ही त्या वर्षाची मिळकत.

एक वर्ष आधी, १९३८ मध्ये, न्यूयॉर्कच्या क्रीडापत्रकारांनी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निमंत्रित संघांची वेगळी स्पर्धा सुरू केली होती. महानगर, नामांकित सभागृह आणि आयोजक म्हणून खुद्द वर्तमानपत्रांत लिहिणारी मंडळी. पुढची बरीच वर्षे मान मोठा होता तो तिचा. प्रशिक्षकांनी आपली तुटीची स्पर्धा एनसीएएच्या हवाली केली. १९४० चा अंतिम सामना कॅन्सस सिटीत झाला, जवळच्याच कॅन्सस विद्यापीठाचा संघ अंतिम फेरीत पोचला (तो इंडियानाकडून ४२-६० असा हरला, ती गोष्ट वेगळी), आणि स्पर्धा फायद्यात आली. खेळ तोच, नियम तेच, वर्षभरात लोकांच्या अभिरुचीत क्रांती व्हावी असे काही घडले नव्हते. बदलले होते ते गाव आणि त्या गावाशी संघाचे नाते. १९३९ च्या तुटीवरून कुणी 'लोकांना यात रस नाही' असा निष्कर्ष काढून स्पर्धा गुंडाळली असती, तर तो निष्कर्ष त्या दिवशी सर्वांना अगदी वास्तववादी वाटला असता.

१९३९ च्या पूर्वेकडील फेऱ्या फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या 'पॅलेस्ट्रा' या सभागृहात झाल्या होत्या. १९२७ साली उघडलेल्या या वास्तूचे नाव त्या विद्यापीठातील ग्रीक भाषेच्या एका प्राध्यापकाने सुचवलेले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मल्लविद्येचा आखाडा. म्हणजे आपली तालीमच. भाषेच्या प्राध्यापकाने क्रीडागृहाला नाव द्यावे, ही गोष्ट मला मोठी हृद्य वाटते. विद्यापीठ नावाच्या वास्तूत ग्रंथालय आणि तालीम यांच्यात निदान शब्दांची तरी येजा होती, एवढे त्यातून कळते. या तालमीत आपल्याला पुन्हा एकदा यायचे आहे.

महिलांच्या बास्केटबॉलची कथा प्रेक्षकांच्या दृष्टीने याहून गुंतागुंतीची आहे. जेम्स नायस्मिथ यांनी हा खेळ १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे रचला, आणि पुढच्या दोन वर्षांतच स्मिथ महाविद्यालयात सेंडा बेरन्सन यांनी तो मुलींना शिकवायला सुरुवात केली. ४ एप्रिल १८९६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅनफर्ड आणि बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्या मुलींचा सामना झाला. महिलांचा हा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना. स्टॅनफर्डने तो २-१ असा जिंकला. त्याला सुमारे ७०० प्रेक्षक हजर होते, आणि त्या सर्व स्त्रिया होत्या. पुरुषांना आत सोडलेच नव्हते. मुलींनी धावणे, घामाघूम होणे हे परपुरुषाच्या नजरेस पडू नये, ही तत्कालीन मर्यादा. आपल्या एकोणिसाव्या शतकातील स्त्रीशिक्षणाच्या चर्चा वाचलेल्यांना ही मर्यादा नवी वाटणार नाही. गॅलरीत कोण बसेल, हे इथे आवडीने ठरलेले नाही. ते दारावर ठरले आहे. पुढे अनेक दशके 'बायकांचा खेळ बघायला कोण येणार?' असे विचारले गेले, तेव्हा आरंभी तो बघण्यास निम्म्या समाजाला बंदी होती, ही गोष्ट विस्मरणात गेली होती.

१९७२ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे. त्या वर्षी अमेरिकेत शिक्षणसंस्थांमधील लिंगभेदास मनाई करणारा 'टायटल नाइन' हा कायदा झाला, आणि त्याच वर्षी महिलांच्या स्वतंत्र महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने, 'एआयएडब्ल्यू'ने, आपली राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा सुरू केली. पहिली तीन अजिंक्यपदे पटकावली ती फिलाडेल्फियाजवळच्या इमॅक्युलाटा या छोट्या कॅथलिक महाविद्यालयाने. प्रवासखर्चासाठी तिथल्या मुलींनी टूथब्रश विकले होते. आणि त्यांची गॅलरी कोणती? महाविद्यालयातल्या नन्स. लोखंडी बादल्या काठ्यांनी बडवत त्या आपल्या मुलींना प्रोत्साहन देत. जाहिरात नाही, दूरचित्रवाणी नाही. पण ज्यांना त्या मुली नावानिशी ठाऊक होत्या, अशा पन्नास-शंभर बाया सभागृह दणाणून सोडत होत्या. प्रेक्षक कसा जन्मतो याचे इतके साधे उदाहरण मला दुसरे आढळले नाही.

दहा वर्षांनी या संघटनेचा अंत झाला. एनसीएएने १९८२ मध्ये महिलांची स्वतःची स्पर्धा सुरू केली. तिच्यापाशी पैसा होता, दूरचित्रवाणी होती, मोठी विद्यापीठे तिच्याकडे वळली. २८ मार्च १९८२ रोजी एकाच दिवशी महिलांचे दोन 'राष्ट्रीय' अंतिम सामने झाले. व्हर्जिनियातील नॉरफोक येथे, ओल्ड डोमिनियन विद्यापीठाच्या यजमानपदाखाली, लुइझियाना टेकने चेनी स्टेटला ७६-६२ असे नमवले. तिथे साडेनऊ हजारांच्या आसपास प्रेक्षक होते. दुसरा सामना झाला तो फिलाडेल्फियात, त्याच पॅलेस्ट्रात. रटगर्सने टेक्ससला ८३-७७ असे हरवले. साडेआठ हजारांहून अधिक माणसे बसू शकतील अशा त्या तालमीत बहुतेक जागा रिकाम्या होत्या. एआयएडब्ल्यूची ती शेवटची स्पर्धा ठरली. पुढे एनसीएएविरुद्धचा तिचा दावाही न्यायालयात टिकला नाही. ज्या संघटनेने कुणी विचारत नव्हते त्या काळात हा खेळ उभा केला, तिच्या अखेरच्या दिवशी गॅलरी ओस होती. आणि हा ओसपणा खेळाडूंच्या उणेपणामुळे आलेला नव्हता. सत्ता दुसरीकडे गेली, की खुर्च्याही तिच्यामागे जातात.

या साऱ्या वाचनाला निमित्त झाले ते एका सामन्याचे. २०१२ च्या मार्चमध्ये, ताईच्या बाळंतपणासाठी गेलेल्या आईला परत आणायला, अर्जित रजा काढून मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठगावी गेले होते. भावोजी तिथे संशोधन करीत. एके दिवशी ते म्हणाले, "चल, तुला इकडचा शिमगा दाखवतो." मार्चमधल्या या स्पर्धेभोवतीच्या उन्मादाला इतका नेमका मराठी शब्द मी पुन्हा ऐकलेला नाही. सामना महिलांचा होता, विद्यापीठ यजमान होते, आणि तिकिटे दारावर सहज मिळत होती. आत गेल्यावर मात्र शिमग्याची कसलीच खूण दिसेना. वरच्या मजल्यावरच्या रांगा काळ्या पडद्यांनी झाकून टाकल्या होत्या, जेणेकरून रिकामेपण कॅमेऱ्यात दिसू नये. आमची तिकिटे मागच्या रांगेची होती, दारावरचे वृद्ध स्वयंसेवक ती न बघताच म्हणाले, "कुठेही बसा."

आम्ही पुढे जाऊन बसलो. रिकाम्या सभागृहात खेळ ऐकू येतो, हे मला त्या दिवशी कळले. लाकडी जमिनीवर बुटांचे चिरकणे, प्रशिक्षिकेची प्रत्येक सूचना, एका मुलीने दुसरीला घातलेली साद. एका संघाच्या बाकामागे एकाच रंगाचे सदरे घातलेली वीस-पंचवीस माणसे होती, आईबाप असावेत. तो संघ तीसेक गुणांनी मागे पडलेला होता आणि चार मिनिटे उरली होती, तरी त्यातली एक बुटकी मुलगी रेषेबाहेर जाणाऱ्या चेंडूवर आडवी झेपावली. तिने चेंडू आत टाकला. त्या वीस-पंचवीस माणसांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. "पण आपल्या विद्यापीठाची मुलं कुठायत?" मी विचारले. भावोजी म्हणाले, "आपला संघ यंदा निवडलाच गेला नाही. आणि मुलं तर सुट्टीवर गेलीत. हे चारही संघ लांबून आलेत. तूच सांग, कोण येणार?"

त्या 'कोण येणार'मध्ये कारणांची पूर्ण यादी होती, हे नंतर वाचताना लक्षात आले. २००३ ते २०१४ या काळात महिलांच्या पहिल्या दोन फेऱ्यांची ठिकाणे एनसीएए आधीच ठरवून टाकत असे. हेतू न्याय्य होता. पूर्वी वरचे मानांकन मिळालेले संघ आपापल्या घरच्या मैदानावर खेळत आणि त्याचा लाभ त्यांना मिळे. तो मिळू नये, पुरुषांप्रमाणे महिलांचे सामनेही तटस्थ जागी व्हावेत, असा विचार. परंतु पुरुषांच्या स्पर्धेमागे अनेक दशकांची सवय होती, ती इथे नव्हती. यजमान विद्यापीठाचा संघ पात्र ठरला तर गाव येई. न ठरला तर येत नसे. स्पर्धेतील संघांची यादी जाहीर होते आणि आठवड्याच्या आतच सामने सुरू होतात. तेवढ्या अवधीत शेकडो मैल लांबच्या चाहत्याने विमानाचे तिकीट काढावे, खोली मिळवावी आणि रजा घ्यावी, ही अपेक्षा फार झाली. त्यातच मध्य मार्च म्हणजे अनेक विद्यापीठांत वसंताची सुट्टी, वसतिगृहे रिकामी. आणि सामना घरबसल्या दिसत असतोच. असे सगळे जुळवून आणल्यावर गॅलरी रिकामी राहिली नसती तरच नवल.

इथे एक प्रश्न उरतो, आणि साहित्याच्या अभ्यासकाला तो अधिक टोचतो. तटस्थ प्रेक्षक नावाची चीज असते का? आपल्याकडे १९६३ पासून पुण्यात 'महाराष्ट्रीय कलोपासक'तर्फे पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा होते. भरत नाट्य मंदिरात 'अरे आवाज कुणाचा' ही आरोळी ज्याने ऐकली आहे, त्याला गर्दी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. अंतिम फेरीच्या तिकिटांसाठी रांगा लागतात. एम.ए.ला असताना त्या गर्दीत मीही घसा बसेपर्यंत ओरडले आहे. पण आपल्या महाविद्यालयाची एकांकिका संपली की तिथलेही कैक जण चहाला बाहेर पडतात, आणि पुढच्या महाविद्यालयाची मुले त्यांच्या जागा घेतात. म्हणजे पडदा वर जाताना सभागृह भरलेले असते ते आपलेपणाने. कलेची ओढ असलीच तर ती मागाहून येते. मात्र काही जण चहाला न जाता बसून राहतात. पहिल्या वर्षी मित्रासाठी आलेला, दुसऱ्या वर्षी सगळ्याच एकांकिका बघणारा, आणि पुढे आयुष्यभर नाटके बघत राहिलेला असा माणूस आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत असेल.

नाट्यशास्त्रात नाट्यसिद्धीचा विचार करताना भरताने प्रेक्षकाच्या गुणांची लांबलचक यादी दिली आहे, आणि हे सारे गुण एकाच माणसात सापडायचे नाहीत, हेही लगोलग मान्य केले आहे. वय आणि प्रकृती यांनुसार कुणाला काय भावेल हे निरनिराळे असते, हे त्याला पक्के ठाऊक होते. पुढे अभिनवगुप्ताने सहृदयाचे जे वर्णन केले त्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो अभ्यासाचा उल्लेख. काव्याच्या सततच्या अनुशीलनाने रसिकाचे मन आरशासारखे स्वच्छ होते, असे त्याचे म्हणणे. आपण वर्गात हे शिकवतो तेव्हा भर 'हृदया'वर देतो. अनुशीलनाकडे दुर्लक्ष होते. सहृदय हा घडत जातो. घडण्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा येऊन बसता आले पाहिजे. आणि पहिल्यांदा तो येतो ते बहुधा कलाबाह्य कारणानेच: मित्र रंगमंचावर आहे, संघ आपल्या गावचा आहे, शिक्षिकेने हजेरी सक्तीची केली आहे. या पहिल्या कारणाला आपली समीक्षा जरा नाक मुरडते. तिकिटे विकणाऱ्याला तसे करणे परवडत नाही.

एनसीएएलाही ते परवडले नाही. २०१३ मध्ये व्हॅल अ‍ॅकरमन यांनी महिलांच्या बास्केटबॉलविषयी तिच्यासाठी एक अहवाल तयार केला. वरच्या मानांकनाच्या संघांना घरच्या मैदानावर खेळू द्यावे, हा त्यातील एक मुद्दा होता. २०१५ पासून पहिले १६ मानांकित संघ पहिल्या दोन फेऱ्यांचे यजमान ठरू लागले. न्यायाच्या तागडीत थोडी खोट स्वीकारून गॅलरी भरण्याचा हा मार्ग. पाहुण्या संघावर यात अन्याय होतो, हे मी नाकारत नाही. भरलेल्या परक्या सभागृहात हरणे बरे की रिकाम्या तटस्थ सभागृहात, हे त्या संघातील मुलीच सांगू शकतील.

खरा उलगडा झाला तो २०२१ मध्ये. करोनाच्या सावटाखाली महिलांची सारी स्पर्धा टेक्ससमधील सॅन अँटोनियो परिसरात झाली. तिथल्या खेळाडूंना व्यायामासाठी दिलेली डंबेलची एक छोटी चळत ऑरेगनच्या सेडोना प्रिन्सने आपल्या चित्रफितीत दाखवली, पुरुषांना मिळालेली प्रशस्त व्यायामशाळाही दाखवली, आणि गदारोळ झाला. त्यानंतर नेमलेल्या विधिसंस्थेच्या अहवालातून जे बाहेर आले ते अधिक बोलके होते. 'मार्च मॅडनेस' हे नाव वापरण्याची मुभा तोवर फक्त पुरुषांच्या स्पर्धेला होती. महिलांच्या स्पर्धेचे प्रक्षेपणहक्क स्वतंत्रपणे विकलेच जात नव्हते. इतर दोन डझनांहून अधिक खेळांच्या गाठोड्यात बांधून ते दिले जात, आणि त्या सबंध गाठोड्याची किंमत वर्षाला सुमारे ३.४ कोटी डॉलर होती. एकट्या महिलांच्या स्पर्धेचे २०२५ सालचे मोल वर्षाला ८.१ ते ११.२ कोटी डॉलर असेल, असा त्या अहवालाचा अंदाज होता. ज्या मालावर किमतीची चिठ्ठीच लावलेली नाही, तो खपत नाही अशी तक्रार इतकी वर्षे चालली होती.

२०२२ मध्ये नाव मिळाले, संघसंख्याही पुरुषांइतकी म्हणजे ६८ झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयोवा विद्यापीठाने आपल्या फुटबॉल मैदानावर महिला बास्केटबॉलचा एक प्रदर्शनीय सामना भरवला. ५५,६४६ लोक आले. २०२४ च्या अंतिम सामन्यात साउथ कॅरोलायनाने केटलिन क्लार्कच्या आयोवाला ८७-७५ असे हरवले, तो सरासरी १ कोटी ८९ लाख प्रेक्षकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला. पुरुषांचा त्या वर्षीचा आकडा १ कोटी ४८ लाख होता. असे पूर्वी कधीच घडले नव्हते.

इथेच लेख संपवला तर तो प्रेरणादायी व्याख्यानासारखा वाटेल, आणि खोटाही ठरेल. क्लार्क व्यावसायिक खेळात गेली, आणि २०२५ चा महिलांचा अंतिम सामना पाहणाऱ्यांची संख्या ८५ लाखांच्या आसपास आली. पुरुषांची पुन्हा त्याच्या दुपटीहून अधिक झाली. एका विलक्षण खेळाडूभोवती जमलेली गर्दी आणि खेळाभोवती मुरलेला प्रेक्षक यांत अंतर असते. शिवाय, आकडा वाढला म्हणून खेळ थोर, असे म्हणायचे तर आकडा नसताना तो हीन होता, हे मान्य करावे लागेल. २०१२ मध्ये मी पाहिलेली ती बुटकी मुलगी पंचवीस टाळ्यांसाठी जशी झेपावली, तशीच ती पंचावन्न हजारांसमोर झेपावली असती. गर्दीने खेळाची प्रत ठरत नाही. गर्दीने ठरते ते पुढच्या वर्षी तो खेळ होणार की नाही, हे; आणि आपल्याला चिंता वाटायला हवी ती याची.

ही चिंता माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. मी एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवते. आमच्या पदव्युत्तर वर्गात गेली काही वर्षे आठ-दहा विद्यार्थी असतात, आणि दर जूनमध्ये हा वर्ग चालू ठेवायचा की नाही, हा विषय निघतो. मागच्या खेपेस बैठकीत एक ज्येष्ठ सहकारी सहज म्हणून गेले, "मॅडम, मुलांना मराठीत रसच उरलेला नाही, त्याला आपण काय करणार?" त्यांच्या बोलण्यात आकस नव्हता. मी वर्गातल्या मुलांना त्यांच्या येण्याजाण्याविषयी विचारले. आमची पहिली तासिका साडेसातला. नऊपैकी सहा जण खेड्यांतून येतात, आणि त्यांची पहिली एस.टी. गावात पोचते सव्वाआठला. प्रवेशाची सूचना फलकावर लागते त्या दिवसांत त्यांच्यासारखी मुले गावी शेतावर असतात. तिघांना ती एका जुन्या विद्यार्थिनीने फोन करून कळवली म्हणून कळली. पडदे कुठे लावले गेले होते, ते मला दिसू लागले.

तासिका आता अकराला होतात, आणि प्रवेशाची सूचना जुने विद्यार्थी गावोगाव पोचवतात. यंदा वर्गात तेरा जण आहेत. तेरा हा आकडा कुणाला दाखवून वाद जिंकावा असा नाही, आणि या तेरांतले किती पुढे वाचक म्हणून टिकतील तेही सांगता येणार नाही. दोघी तर मैत्रिणीच्या सोबतीला म्हणून आल्या आहेत. त्यांनी ते मला पहिल्याच दिवशी हसत सांगितले. विभागाच्या वार्षिक अहवालात 'विद्यार्थिसंख्या' असा एक रकाना असतो. त्यात मी तेरा लिहिले आणि शेजारच्या 'शेरा' या रकान्यात पहिल्या एस.टी.ची वेळ लिहिली.